धर्मपीठ, संसद आणि टॅला : आयर्लंडमधील रब्बी व मानवी हक्कांचा इतिहास

डब्लिन शहराच्या नैर्ऋत्येस डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले टॅला आयर्लंडच्या धर्मेतिहासात प्रामुख्याने ख्रिस्ती मठपरंपरेसाठी ओळखले जाते. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात मेल रुआन या साधूने येथे मठ स्थापन केला आणि कठोर व्रतस्थ जीवनाचा आग्रह धरणाऱ्या सुधारणावादी साधूंचे ते प्रमुख केंद्र बनले. मध्ययुगात डब्लिनच्या आर्चबिशपांचे ग्रामीण निवासस्थान येथे होते आणि १८५५ नंतर डॉमिनिकन पंथाच्या साधूंनी त्याच परिसरात आपला मठ वसवला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लहानसे खेडे असलेल्या या गावाचे रूप १९६७ च्या नगररचना आराखड्याने पालटले, कारण डब्लिनच्या पश्चिमेला नवी उपनगरे उभारण्याच्या त्या योजनेत टॅलाची निवड झाली आणि पुढील दोन दशकांत दाटीच्या शहरी वस्त्यांतून हलवलेली हजारो कामगार कुटुंबे येथे राहावयास आली. बहुसंख्येने कॅथलिक असलेल्या या नव्या वस्तीने १९८१ पासून सलग सहा निवडणुकांत एका यहुदी वकिलाला संसदेत पाठवले आणि त्याने पुढे मंत्री म्हणून आयर्लंडच्या समतेच्या कायद्यांचा पाया घातला. आयर्लंडच्या यहुदी धर्माधिकाऱ्यांनी अर्जविनंत्या, मैत्री आणि युक्तिवाद यांच्या बळावर जे हक्क मागितले, त्या परंपरेचा आणि या कायद्यांचा एकत्र विचार केला, तर धर्मसत्ता मानवी हक्कांची राखण नेमकी कोणत्या परिस्थितीत करते, या प्रश्नाचे एक उत्तर हाती येते.

रब्बी म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे रीतसर अध्ययन करून विवाह, घटस्फोट, आहार, शुद्धाशुद्धता आदी विषयांवर निर्णय देण्याचा अधिकार मिळवलेला विद्वान. प्रार्थना चालवणे हे त्याचे एक काम असले, तरी त्याचे खरे स्थान शास्त्रनिर्णय देणाऱ्या पंडिताचे व न्यायाधीशाचे असते. मुख्य रब्बी हे पद त्याहून निराळे आहे, कारण त्याचा उगम जितका धर्मशास्त्रात आहे त्याहून अधिक राज्यकारभाराच्या गरजेत आहे: सरकारला एखाद्या समाजाशी बोलायचे असेल, तर त्या समाजाच्या वतीने बोलणारी एक व्यक्ती हवी असते. आयर्लंडमध्ये हे पद स्वातंत्र्याच्या सुमारास आकाराला आले, तेव्हा तेथील यहुदी समाजाचा बहुतांश भाग १८८० नंतर रशियन साम्राज्यातून, विशेषतः लिथुआनियाच्या प्रदेशातून, आलेल्या कुटुंबांचा होता. फेरीवाले, शिंपी, उधारीवर माल देणारे छोटे व्यापारी अशा या लोकांची संख्या कधीच मोठी नव्हती. १९४६ च्या जनगणनेत ती ३,९०७ भरली आणि पुढे स्थलांतरामुळे घटत १९९१ मध्ये १,५८१ वर आली. इतक्या अल्पसंख्य समाजाच्या धर्मगुरूला मतपेढीचा धाक दाखवता येत नसे, की धर्माज्ञेचा बडगा उगारता येत नसे.

या मर्यादेचा पहिला कठीण कस १९०४ मध्ये लिमरिक शहरात लागला. त्या वर्षीच्या जानेवारीत जॉन क्रे या रिडेम्प्टोरिस्ट पंथाच्या पाद्र्याने प्रवचनातून यहुदी व्यापाऱ्यांवर जहरी आरोप केले आणि त्यांच्याशी व्यवहार तोडण्याचे आवाहन केले. तेव्हा शहरात सुमारे १७० यहुदी राहत होते. त्यांच्यावर दगडफेक झाली, उधारीची वसुली थांबली आणि सुमारे दोन वर्षे चाललेल्या बहिष्काराने अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. लिमरिकचे रब्बी इलायस बेर लेव्हिन यांनी या संकटात प्रतिप्रवचनाचा मार्ग न धरता राष्ट्रीय नेत्यांकडे दाद मागितली आणि त्यांच्या हाकेला मायकेल डेव्हिट यांनी उघड प्रतिसाद दिला. आयर्लंडच्या कुळांच्या हक्कांसाठी लढलेले डेव्हिट आदल्याच वर्षी किशिनेव येथील यहुद्यांच्या कत्तलीची चौकशी करून आले होते, त्यामुळे लिमरिकमधील घटनांचे वळण कोणत्या दिशेने जाऊ शकते, हे त्यांना इतरांपेक्षा अधिक कळत होते. लेव्हिन यांना बहिष्कार मोडता आला नाही. मात्र अल्पसंख्याकांचे रक्षण हा त्या अल्पसंख्याकांचा खासगी प्रश्न नसून स्वातंत्र्य मागणाऱ्या राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न आहे, ही भूमिका त्यांच्या पत्रांमुळे आयरिश सार्वजनिक जीवनात मांडली गेली.

ही भूमिका राज्यघटनेच्या पातळीपर्यंत नेण्याचे श्रेय आयझॅक हर्झोग यांच्या कारकिर्दीला जाते. पोलंडमधील लोम्झा येथे १८८८ मध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये वाढलेले हर्झोग १९१६ मध्ये बेलफास्टचे रब्बी झाले, १९१९ मध्ये डब्लिनला आले आणि आयरिश स्वतंत्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास देशाचे मुख्य रब्बी बनले. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या लढ्याविषयी त्यांची सहानुभूती इतकी स्पष्ट होती, की त्यांना लोक शिन फेन पक्षाचा रब्बी म्हणू लागले. पुढे पंतप्रधान झालेले इमॉन डी व्हॅलेरा यांच्याशी त्यांचा स्नेह त्याच काळात जुळला. या स्नेहाचा उपयोग हर्झोग यांनी कसा केला, याचे एक उदाहरण १९३५ च्या पशुवध कायद्यात सापडते. जनावराला आधी बेशुद्ध करूनच कापावे, अशी सक्ती करणाऱ्या या कायद्यामुळे शेखिता, म्हणजे धारदार सुरीच्या अखंड घावाने केला जाणारा यहुदी धर्मसंमत पशुवध, बेकायदा ठरला असता. त्या पद्धतीला कायद्यातच अपवाद मिळवण्यात हर्झोग यशस्वी झाले. त्याच दशकात जर्मनीत नाझी राजवटीने शेखितावर बंदी घातली होती, हे ध्यानात घेतले, म्हणजे कसाईखान्यातील एका तरतुदीचे राजकीय मोल कळते.

हर्झोग १९३६ मध्ये पॅलेस्टाइनच्या मुख्य रब्बीपदी निवडले गेले आणि त्यानंतर लवकरच, १९३७ मध्ये, आयर्लंडची नवी राज्यघटना मंजूर झाली. तिच्या चव्वेचाळिसाव्या कलमाने कॅथलिक चर्चला विशेष स्थान दिले, परंतु त्याच कलमात इतर ख्रिस्ती पंथांबरोबर देशातील यहुदी धर्मसभांनाही नावानिशी मान्यता दिली. युरोपातील अनेक देशांत यहुद्यांचे नागरिकत्वच काढून घेतले जात असताना एका कॅथलिकबहुल देशाने त्यांचा उल्लेख मूलभूत कायद्यात करावा, ही गोष्ट सामान्य नव्हती. मात्र त्या मान्यतेला एक दुसरी बाजूही होती. धर्मसभांना मान्यता मिळाली तरी व्यक्तीच्या आयुष्यावर, विशेषतः विवाहावर, कॅथलिक शिकवणीची छाया राहिली, कारण त्याच घटनेच्या एकेचाळिसाव्या कलमाने विवाहविच्छेदाचा कायदा करण्यासच मनाई केली. यहुदी धर्मशास्त्र गेट नावाच्या लेखी पत्राद्वारे घटस्फोट मान्य करते. त्यामुळे धर्माने मोकळे झालेले यहुदी दांपत्य आयरिश कायद्याच्या दृष्टीने विवाहितच राहत असे आणि त्यांना देशात कायदेशीर पुनर्विवाह करता येत नसे. समूहाला मिळालेला मान आणि व्यक्तीला न मिळालेला हक्क यांतील हे अंतर बुजायला पुढे जवळजवळ साठ वर्षे लागली.

महायुद्धाच्या काळात या स्नेहसंबंधांच्या मर्यादाही उघड झाल्या. जेरुसलेमहून हर्झोग यांनी डी व्हॅलेरा यांना वारंवार तारा पाठवून युरोपातील यहुद्यांसाठी हस्तक्षेप करण्याची विनंती केली आणि आयर्लंडच्या राजनैतिक यंत्रणेने काही चौकशाही केल्या, परंतु प्रत्यक्षात फार थोड्या निर्वासितांना देशात प्रवेश मिळाला. युद्ध संपल्यानंतरही न्याय खात्याचा सूर नकाराचाच होता. लंडनचे रब्बी सॉलोमन शॉनफेल्ड यांनी चेकोस्लोव्हाकियातील सुमारे शंभर अनाथ यहुदी मुलांना आयर्लंडमध्ये आणण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती आधी नाकारली गेली आणि डी व्हॅलेरा यांनी स्वतः लक्ष घातल्यावर, मुलांनी पुढे अन्यत्र जावे या अटीवर, ती मिळाली. १९४८ मध्ये ही मुले वेस्टमीथ परगण्यातील क्लोनिन गढीत राहिली. रब्बींच्या शब्दाला पंतप्रधानांच्या दारात मान होता, मात्र हक्क कायद्यात लिहिलेला नसेल तर तो मान एखाद्या सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो, हा या प्रकरणाचा धडा होता.

पुढील पिढीतील मुख्य रब्बींनी आपल्या समाजापलीकडच्या प्रश्नांकडे लक्ष वळवले. १९४९ ते १९५८ या काळात डब्लिनमध्ये असलेले इमॅन्युएल जाकोबोविट्झ स्वतः नाझी जर्मनीतून निसटलेले निर्वासित होते. वैद्यकीय नीतिशास्त्राची यहुदी परंपरेच्या आधारे पद्धतशीर मांडणी करणारा त्यांचा लंडन विद्यापीठातील प्रबंध याच वर्षांत सिद्ध झाला आणि रुग्णाचे हक्क व वैद्याची कर्तव्ये यांची चर्चा त्यातून अभ्यासविषय म्हणून उभी राहिली. १९७९ मध्ये या पदावर आलेले डेव्हिड रोझेन हे त्याआधी दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या सी पॉइंट भागातील मोठ्या यहुदी धर्मसभेचे रब्बी होते. तेथे वर्णभेदाविरुद्ध त्यांनी उघड भूमिका घेतली होती आणि विविध धर्मीयांचा समान मंच उभारला होता. आयर्लंडमध्येही त्यांनी ख्रिस्ती आणि यहुदी यांच्या संवादाच्या संस्थात्मक कार्यास चालना दिली. १९८५ मध्ये ते जेरुसलेमला गेले. त्याच शहरात १९८८ मध्ये, पहिल्या इंतिफादाच्या म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या काळात, डेव्हिड फोरमन या रब्बीच्या पुढाकाराने ‘मानवी हक्कांसाठी रब्बी’ या अर्थाच्या नावाची संघटना स्थापन झाली. पॅलेस्टिनी शेतकऱ्यांना ऑलिव्हच्या हंगामात आपल्या बागांपर्यंत पोहोचता यावे म्हणून या संघटनेचे रब्बी प्रत्यक्ष शेतात उभे राहत आले आहेत. रोझेन यांच्यानंतर १९९२ पर्यंत आयर्लंडचे मुख्य रब्बी असलेले एफ्राइम मिर्व्हिस हेही मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. पुढे ब्रिटनचे मुख्य रब्बी झाल्यावर त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये चीनमधील उइगुर मुस्लिमांच्या छळाविरुद्ध जाहीर लेख लिहिला. स्वतःच्या समाजाला मांसाची परवानगी मागणाऱ्या १९३५ च्या प्रयत्नापासून परधर्मीयांच्या छळाविरुद्ध उठवलेल्या या आवाजापर्यंतचा पल्ला एकाच लहान धर्मपीठाच्या परंपरेत पडतो.

डब्लिनमधील यहुदी वस्तीचा भूगोलही दरम्यान बदलला होता. दक्षिण वर्तुळमार्ग आणि क्लॅनब्रासिल रस्त्याच्या आसपासची जुनी वस्ती सोडून सुस्थितीतील कुटुंबे दक्षिणेकडील रॅथगार आणि टेरेन्यूर या भागांत गेली आणि १९५३ मध्ये टेरेन्यूर येथे नवे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, उभे राहिले. १८८८ ते १९३२ या काळात टेरेन्यूरहून निघणारी वाफेची ट्राम टॅलावरून ब्लेसिंग्टनपर्यंत जात असे. ट्राम बंद झाली, तरी याच दिशेने शहर पसरत गेले. या पसाऱ्यातून तयार झालेल्या नैर्ऋत्य डब्लिन मतदारसंघात टॅला हा मोठा भाग होता आणि १९८१ मध्ये तेथून मजूर पक्षाचे मर्विन टेलर निवडून आले. डब्लिनमध्ये १९३१ मध्ये जन्मलेले टेलर व्यवसायाने सॉलिसिटर, म्हणजे पक्षकाराचे कायदेशीर काम पाहणारे वकील होते. त्या काळात आयर्लंडच्या संसदेत तीन यहुदी सदस्य तीन वेगवेगळ्या पक्षांतून बसत असत: मजूर पक्षाचे टेलर, फियाना फॉल पक्षाचे बेन ब्रिस्को आणि फिने गेल पक्षाचे ॲलन शॅटर. यहुद्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास असलेल्या देशात हे केवळ यहुदी मतांवर घडणे शक्यच नव्हते. घरे, बसगाड्या, शाळा आणि रोजगार यांच्या तुटवड्याने गांजलेल्या टॅलाच्या मतदारांनी प्रतिनिधीचा धर्म पाहिला नाही, ही त्या प्रक्रियेची सर्वांत महत्त्वाची नोंद आहे.

१९९२ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३३ जागा मिळाल्या आणि जानेवारी १९९३ मध्ये बनलेल्या संयुक्त सरकारात समता व कायदेसुधारणा असे नवे खाते निर्माण करून ते टेलर यांच्याकडे सोपवण्यात आले. आयर्लंडच्या मंत्रिमंडळात बसणारे ते पहिले यहुदी होत. त्यांनी भटक्या ट्रॅव्हलर समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणारा कृतिगट नेमला आणि अपंगांच्या दर्जाविषयी आयोग स्थापन केला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा १९९६ चा कायदा आणि गरजूंना दिवाणी दाव्यांत सरकारी खर्चाने वकील मिळवून देणारा १९९५ चा कायदा हेही याच खात्यातून आले. मार्ग सोपा नव्हता. राहत्या घरावर पती आणि पत्नी यांची आपोआप समान मालकी प्रस्थापित करणारे विधेयक राष्ट्राध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले आणि जानेवारी १९९४ मध्ये ते घटनाबाह्य ठरले, कारण घराविषयी पतिपत्नींनी आपसात घेतलेले निर्णय सरसकट मोडण्याचा अधिकार राज्याला नाही, असे न्यायालयाचे मत पडले. नोकरीतील समतेचे विधेयकही मे १९९७ मध्ये तसेच अडले. अपंग कर्मचाऱ्यांसाठी कराव्या लागणाऱ्या सोयींचा खर्च मालकावर टाकणे हे मालमत्तेच्या हक्काचे उल्लंघन आहे, हा त्यातील एक आक्षेप होता. परंतु त्या विधेयकाची चौकट टिकली. लिंग, वैवाहिक स्थिती, कौटुंबिक स्थिती, लैंगिक कल, धर्म, वय, अपंगत्व, वंश आणि ट्रॅव्हलर समाजाचे सदस्यत्व या नऊ कारणांवरून भेदभावाला मनाई करणारा सुधारित कायदा १९९८ मध्ये झाला आणि वस्तू व सेवा यांच्या व्यवहारात तीच मनाई लागू करणारा कायदा २००० मध्ये आला.

टेलर यांच्या कारकिर्दीतील सर्वांत चुरशीची लढाई घटस्फोटाची होती. १९८६ मध्ये सार्वमताने घटस्फोटाचा प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला होता, म्हणून या वेळी विभक्त पत्नीचा निर्वाह, वारसा आणि मालमत्ता यांविषयीचे कायदे आधी करून घेऊन मगच प्रश्न मतदारांपुढे ठेवण्यात आला. २४ नोव्हेंबर १९९५ रोजी झालेल्या सार्वमतात प्रस्ताव अवघ्या ९,११४ मतांनी मंजूर झाला. बाजूने पडलेली मते ५०.२८ टक्के होती. या प्रस्तावाने १९३७ पासून चालत आलेली ती जुनी विसंगती संपली. यहुदी, प्रॉटेस्टंट, निधर्मी आणि स्वतः कॅथलिक नागरिकांनाही विवाहाबाबत आपल्या सदसद्विवेकानुसार वागण्याची मोकळीक मिळाली, आणि ज्यांना घटस्फोट अमान्य होता त्यांच्या श्रद्धेला कायद्याने हात लावला नाही.

या आयरिश अनुभवाचे महत्त्व मराठी वाचकाला अधिक जवळून कळेल असे एक प्रकरण त्याआधी इस्राएलमध्ये घडले होते, आणि त्यात अन्याय सोसणारे लोक मराठीभाषक होते. कोकणातील नवगावच्या किनाऱ्याशी आपल्या पूर्वजांचे आगमन जोडणारे, तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा धार्मिक विश्रांतीचा दिवस, पाळत असल्याने शनिवार तेली म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल शतकानुशतके रब्बींशिवाय आपला धर्म सांभाळत आले. १७९६ मध्ये सामुएल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, तरी त्यांचे धार्मिक व्यवहार हाझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे पुरोहित, आणि मुकादम, म्हणजे जमातीचे प्रमुख, यांच्याच हाती राहिले. १९४८ नंतर त्यांच्यापैकी अनेक जण इस्राएलला गेले. तेथे विवाह आणि घटस्फोट यांचा अधिकार कायद्यानेच रब्बींच्या न्यायालयांकडे आहे. या जमातीच्या पूर्वजांनी घटस्फोट शास्त्रोक्त रीतीने केले होते का, अशी शंका काही रब्बींनी काढली आणि मुख्य रब्बीपीठाने १९६१ मध्ये अशा विवाहांना मान्यता दिली असूनही १९६२ च्या निर्देशांनी विवाह नोंदवण्यापूर्वी बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची पिढ्यानपिढ्यांची चौकशी अनिवार्य केली. १९६४ च्या उन्हाळ्यात या जमातीच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असून वैयक्तिक कायद्यातही त्यांचे हक्क समान आहेत, असा ठराव केला. त्यानंतर रब्बीपीठाने निर्देशांतून जमातीचे नाव वगळले.

डब्लिन आणि जेरुसलेम येथील रब्बी एकच धर्मशास्त्र मानत होते आणि हर्झोग यांनी तर दोन्ही ठिकाणी मुख्य पद भूषवले होते. तरीही डब्लिनचे धर्मपीठ हक्कांचे याचक व पुरस्कर्ते राहिले, तर जेरुसलेमचे धर्मपीठ एका दुर्बल जमातीच्या हक्कांच्या आड आले. या फरकाचे कारण व्यक्तींच्या चांगुलपणात शोधणे व्यर्थ आहे. आयर्लंडच्या रब्बींच्या हाती राज्यसत्तेचा कोणताही अंश नव्हता, म्हणून त्यांना प्रत्येक मागणी समान न्यायाच्या भाषेत मांडावी लागली आणि एकदा ती भाषा अंगवळणी पडल्यावर तिचा उपयोग ट्रॅव्हलर, कृष्णवर्णीय किंवा उइगुर यांच्यासाठी करणे त्यांना व त्यांच्या समाजाला सुसंगत वाटले. जेरुसलेममध्ये विवाहाची नोंद करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार धर्मपीठाकडे होता, आणि असा अधिकार असलेल्याला समोरच्याचे मन वळवण्याची गरज उरत नाही. १९३७ च्या आयरिश घटनेने विवाहाबाबत कॅथलिक चर्चची शिकवण सर्वांवर लादली, तेव्हाही हाच न्याय लागू पडला होता. धर्माधिकाऱ्यांचा नैतिक आवाज आणि कायदा करण्याचा अधिकार हे दोन निरनिराळ्या हातांत राहिले, तेव्हाच त्या आवाजाचा उपयोग हक्कांच्या बाजूने झाला, आणि जेथे ते एकाच हातात आले तेथे निवडून आलेल्या संसदेला किंवा मतदारांना मध्ये पडावे लागले.

टेलर १९९७ मध्ये राजकारणातून निवृत्त झाले आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मतदारसंघाचे रूप मात्र बदलतच आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण डब्लिन परगण्याचे मुख्यालय टॅला येथे आहे, आणि केरळमधून आलेले बेबी पेरेप्पाडन २०२४ मध्ये त्या परगण्याचे महापौर झाले. त्याच टॅलामध्ये जुलै २०२५ मध्ये नुकत्याच आलेल्या एका भारतीय कामगाराला जमावाने मारहाण केली आणि त्यानंतर भारतीय दूतावासाला आपल्या नागरिकांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. लिमरिकचा बहिष्कार आणि हा हल्ला यांत १२१ वर्षांचे अंतर आहे आणि दोन्हींच्या मुळाशी परक्याविषयीची अफवा व द्वेष हेच आहेत. पण १९०४ मध्ये रब्बी लेव्हिन यांना एखाद्या उदार नेत्याच्या मनाला आवाहन करण्यापलीकडे मार्ग नव्हता, तर आज नोकरीत, दुकानात किंवा घर भाड्याने घेताना वंशावरून नाकारल्या गेलेल्या टॅलावासीयाला टेलर यांनी सुरू केलेल्या कायद्यान्वये दाद मागता येते. कायदा द्वेष नाहीसा करू शकत नाही. तथापि पीडिताला याचकाच्या जागेवरून उठवून हक्कदाराच्या जागी बसवणे त्याला साधते, आणि आयर्लंडच्या रब्बींनी शतकभर केलेल्या विनंत्यांचे खरे फलित हेच आहे, की त्या विनंत्या करण्याची गरज पुढच्या अल्पसंख्याकांना पूर्वीइतकी उरली नाही.